अ‍ॅथलेटिक ट्रेनर्ससाठी सीईयू कोर्स बनवायचाय? स्लाइड्स सगळ्यात शेवटी उघडा

अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणून काम करणाऱ्या आपल्या दोघातिघांनी गेल्या वर्षभरात मला हेच विचारलं, की कंटिन्युइंग एज्युकेशनचा कोर्स करायचाय, म्हणजे घ्यायचा नाही, बनवायचाय, तर सुरुवात कुठून करू? आणि प्रत्येकाने हे विचारेपर्यंत ४०-५० स्लाइड्स बनवून ठेवलेल्या होत्या. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं त्यामुळे हसायचा अधिकार नाही मला. पण आता चारपाच कोर्स बनवून, त्यातले दोन मोडून परत बांधून झाल्यावर जे कळलंय ते इथे एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक देऊन मोकळा.

ज्यांना हा पेशा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममधला ट्रेनर नाही. हा आरोग्यसेवेतला माणूस आहे, खेळाडू मैदानावर पडला की पहिला धावत जातो तो. १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पेशाला मान्यता दिली. सर्टिफिकेशन बीओसी, म्हणजे बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन देतं, आणि ते टिकवायला बहुतेकांना दर दोन वर्षांत ५० सीईयू, म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन युनिट्स, गोळा करावे लागतात (चक्राच्या मधे नव्याने सर्टिफाय झालेल्यांना कमी). हिशोब सोपा आहे, एक तास शिक्षण म्हणजे एक सीईयू. शिवाय सीपीआर-एईडीचं, म्हणजे इमर्जन्सी कार्डियाक केअरचं सर्टिफिकेट सतत चालू ठेवावं लागतं ते वेगळंच.

चक्र ३१ डिसेंबरला संपतं, आणि त्याच्या आधीच्या सहा आठवड्यांत काय होतं हे प्रत्येक एटीला (म्हणजे अ‍ॅथलेटिक ट्रेनरला) माहितीये. रात्री मॅच संपवून घरी आलेला माणूस लॅपटॉपवर व्हिडिओ लावतो, दुसऱ्या टॅबवर भलतंच काहीतरी बघत बसतो, शेवटी क्विझचे दहा प्रश्न अंदाजाने उडवतो आणि सर्टिफिकेट डाउनलोड करतो. तुमच्या कोर्सची स्पर्धा दुसऱ्या कोर्सशी नाहीये, या दुसऱ्या टॅबशी आहे हे आधी लक्षात घ्या.

पायरी १: विषय नको, घोडं कुठे अडतंय ते शोधा

"मी कन्कशनवर कोर्स करतोय" (कन्कशन म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) हा विषय झाला. याने काहीच ठरत नाही. कोर्स तेव्हा उभा राहतो जेव्हा तुम्हाला सांगता येतं, की अमुक ठिकाणी काम करणारा एटी अमुक प्रसंगात आज हे करतोय आणि त्याने ते करायला हवं.

मी या लेखात सगळीकडे एकच उदाहरण वापरणारे, एक्झर्शनल हीट स्ट्रोकचं, म्हणजे जोरदार व्यायामाने होणाऱ्या उष्माघाताचं, कारण त्यात शास्त्र बऱ्यापैकी पक्कं आहे आणि तरी प्रत्यक्षात गाडी अडते. २००१ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोरी स्ट्रिंगर सरावानंतर हीट स्ट्रोकने गेला, त्याच्या नावाने २०१० मध्ये कनेटिकट विद्यापीठात संस्था उभी राहिली, नाटाचं म्हणजे नॅशनल अ‍ॅथलेटिक ट्रेनर्स असोसिएशनचं पोझिशन स्टेटमेंट (म्हणजे अधिकृत शिफारशी) २००२ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये सुधारून परत आलं. काय करायचं ते सगळ्यांना पाठ आहे. तापमान गुदद्वारातून घ्या, कारण जोरदार व्यायामानंतर तोंडातलं, कानातलं, कपाळावरचं कुठलंच मोजमाप भरवशाचं नसतं. ४०.५ अंश सेल्सियस म्हणजे १०५ फॅरनहाइटच्या वर असेल आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागत असेल तर थंड पाण्याच्या टबात घाला, आधी गार करा, मग हलवा.

आता हे पाठ असलेल्या एटीच्या शाळेत जाऊन बघा. टब आहे, पण स्टोअररूममध्ये, त्यात हॉकीच्या स्टिक्स ठेवल्यात. रेक्टल थर्मामीटर आहे, सीलबंद. का वापरला नाही विचारलं तर उत्तर येतं, "प्रिन्सिपॉलला कसं सांगू? पालक काय म्हणतील?" म्हणजे अडचण ज्ञानाची नाहीच, परवानगीची आहे, संकोचाची आहे. इथे तुम्ही उष्णतेच्या शरीरशास्त्रावर अजून एक तासाचं लेक्चर दिलं तर ते ऐकतील, मान डोलावतील आणि थर्मामीटर सीलबंदच राहील.

हे शोधायला मोठा सर्व्हे लागत नाही. सहासात एटींना फोन करा, वेगवेगळ्या जागी काम करणारे निवडा (हायस्कूल, कॉलेज, क्लिनिक, फॅक्टरी किंवा सैन्यात काम करणारा मिळाला तर उत्तमच), आणि "तुम्हाला कशावर कोर्स हवाय?" असं अजिबात विचारू नका. या प्रश्नाला लोक जे फॅशनमध्ये आहे ते सांगतात. त्याऐवजी विचारा, "मागच्या सीझनमध्ये कुठल्या प्रसंगात हात थबकले?" मग गप्प बसा. पहिलं उत्तर वरवरचं असतं, कामाचं उत्तर दोन मिनिटांनी येतं.

अजून एक गोष्ट इथेच तपासा. आता या पेशात यायला मास्टर्स लागतं, २०२२ नंतर बॅचलर्सच्या पातळीवर नवे प्रवेश बंद झाले. त्यामुळे तुमच्या वर्गात २५ वर्षांपूर्वी शिकलेला आणि मागच्या वर्षी पास झालेली असे दोघं शेजारी बसणार. नव्या अभ्यासक्रमात जखम बंद करणं, ओव्हरडोससाठी नॅलोक्सोन देणं हे सगळं आलंय, जुन्यांपैकी कित्येकांनी ते शाळेत कधी केलंच नाही. उलट जुन्या माणसाने जितके खांदे सरकलेले पाहिलेत तितके नवीन मुलीने पुस्तकातही पाहिले नसतील. बीओसीच्या पद्धतीत कोर्सची पातळी आधी जाहीर करायची असते, एसेन्शियल, अ‍ॅडव्हान्स्ड की मास्टरी. बरेच जण भारी वाटतं म्हणून सरसकट अ‍ॅडव्हान्स्ड ठोकून देतात. असं करू नका, चुकीचे लोक येतात आणि फीडबॅकमध्ये धुतात.

पायरी २: उद्दिष्टं अशी लिहा की खोटं बोलता येणार नाही

लर्निंग ऑब्जेक्टिव्ह हा भाग लोक फॉर्म भरल्यासारखा उरकतात. "सहभागींना हीट स्ट्रोकची माहिती समजेल." समजलं की नाही हे बघणार कसं? क्रियापद असं हवं की जे बाहेरून दिसतं. बेंजामिन ब्लूम आणि मंडळींनी १९५६ मध्ये मांडलेली पायऱ्यांची उतरंड याच कामाची आहे, आठवणं खाली, मग समजणं, वापरणं, विश्लेषण असं वर वर जायचं. पण तिचे तक्ते इंटरनेटवर फिरतात त्यातून एक क्रियापद उचलून चिकटवलं की झालं असं नाहीये.

माझ्या उष्णतेच्या कोर्सचं पहिलं उद्दिष्ट होतं "हीट स्ट्रोक ओळखणे व उपचार समजून घेणे". आता ते असंय: "कोसळलेल्या खेळाडूचं रेक्टल तापमान घेऊन, आकडा आणि वागणूक यावरून निदान सांगणं, आणि अँब्युलन्स आल्यावर ती थांबवायची की नाही याचा निर्णय कारणासकट पॅरामेडिकला बोलून दाखवणं." लांबलचक आहे, मान्य. पण हे वाचल्याबरोबर कोर्समध्ये काय लागणार ते कळतं, सरावासाठी माणसाचा पुतळा लागणार, थर्मामीटर लागणार, पॅरामेडिकची भूमिका करणारा एक हट्टी माणूस लागणार.

दुसरं उद्दिष्ट तर त्या फोनमधूनच आलं: "प्रिन्सिपॉल किंवा अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला पाच मिनिटांत रेक्टल तापमान का गरजेचं आहे ते पटवून धोरणात लिहून घेणं." हे कुठल्याही पुस्तकातल्या धड्यात बसत नाही, पण माझ्या कोर्सचा सगळ्यात जास्त वापरला गेलेला तुकडा हाच.

एका तासाला दोन, फार तर तीन उद्दिष्टं. सात लिहिली तर समजा की तुम्ही कोर्स नाही, अनुक्रमणिका लिहिताय. आणि प्रत्येक उद्दिष्ट बीओसीच्या प्रॅक्टिस अ‍ॅनालिसिसमधल्या पाच डोमेन्सपैकी (म्हणजे एटीच्या कामाच्या पाच क्षेत्रांपैकी) कुठल्या ना कुठल्यात बसतंय का बघा. नसेल बसत तर विषय रंजक असेल, पण एटीचं काम तो नाही. स्वतःचं क्लिनिक चालवताना इन्स्टाग्राम कसं वापरावं यावर सीईयू मागणारे महाभाग भेटलेत मला.

पायरी ३: परीक्षा आधी, लेक्चर नंतर

इथे लोक अडखळतात, पण करून बघा. उद्दिष्ट लिहून झालं की लगेच ते जमलं की नाही हे कसं तपासणार ते ठरवायचं, आणि मगच शिकवायचं काय ते.

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी एक पिरॅमिड मांडला, चार मजल्यांचा: माहिती आहे, कसं करायचं ते माहिती आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. वेबिनार आणि क्विझ कितीही झकास केलं तरी ते दुसऱ्या मजल्याच्या वर जात नाही. सांधा बसवणं, टेपिंग, हेल्मेट-पॅड काढणं, टबात माणूस उचलून घालणं हे व्हिडिओ बघून येत नाही. विषय हाताचा असेल तर निदान दोन तास प्रत्यक्ष ठेवा, बाकी ऑनलाइन करा. आणि विषय निर्णयाचा असेल, म्हणजे कोणाला खेळू द्यायचं, कोणाला पाठवायचं, तर ऑनलाइनही छान जमतं, फक्त प्रश्न तसे हवेत.

प्रश्नांचं बघू, कारण बहुतेक कोर्सेस इथे मार खातात. माझ्या जुन्या क्विझमधला एक प्रश्न जसाच्या तसा:

"हीट स्ट्रोकमध्ये खालीलपैकी काय महत्त्वाचं आहे? अ) तापमान मोजणे ब) थंड करणे क) वैद्यकीय मदत बोलावणे ड) वरील सर्व."

हा प्रश्न माझ्या शेजाऱ्याची सातवीतली मुलगी सोडवेल. "वरील सर्व" दिसलं की तेच बरोबर असतं हे तिलाही माहितीये. आता त्याच जागी हा आहे:

"१६ वर्षांचा लाइनमन (अमेरिकन फुटबॉलमधला खेळाडू), ऑगस्टमधला दुसरा सराव. चालताना भेलकांडला, तुम्हाला नावाने ओळखत नाही, शिव्या देतोय. अंगाला भरपूर घाम आहे. रेक्टल तापमान १०६.२ फॅरनहाइट. टबात घातल्यावर ६ मिनिटांनी अँब्युलन्स आली, तेव्हा आकडा १०४.१. पॅरामेडिक म्हणतो, आता आम्ही नेतो. तुम्ही काय कराल? अ) उतरायला लागलंय, त्यांच्या ताब्यात देऊन गाडीत बर्फाच्या पिशव्या लावायला सांगाल. ब) १०२ येईपर्यंत टबातच ठेवाल आणि तोवर पॅरामेडिकला आकडे दाखवत राहाल. क) घाम येतोय म्हणजे हीट स्ट्रोक नाही, बाहेर काढून सावलीत पाणी पाजाल."

उत्तर ब. पण मजा चुकीच्या उत्तरांत आहे. अ निवडणारा माणूस मूर्ख नाहीये, गणवेशातला माणूस समोर उभा राहिला की भलेभले मागे सरतात, त्याला फीडबॅकमध्ये हे सांगायचं की चांगल्या ढवळलेल्या थंड पाण्यात मिनिटाला साधारण ०.२ सेल्सियस उतरतं, गाडीतल्या पिशव्यांनी त्याच्या आसपासही जात नाही, आणि कोसळल्यापासून ३० मिनिटांत खाली आणायचंय. क निवडणाऱ्याच्या डोक्यात म्हाताऱ्या माणसांना उन्हाळ्यात होणाऱ्या हीट स्ट्रोकचं चित्र बसलंय, कातडी कोरडी असणारं, व्यायामाच्या हीट स्ट्रोकमध्ये घाम असू शकतो. म्हणजे प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्या चुकीच्या समजुतीवर उभा हवा. तसे तीनच सुचले तर तीनच ठेवा, चौथा भरताड म्हणून घालू नका, तो कोणी निवडतही नाही. "यापैकी कोणतं नाही" असे उलटे प्रश्न पण टाळा, थकलेला माणूस "नाही" वाचतच नाही आणि मग तुम्ही ज्ञान मोजत नाही, डोळे मोजता.

असे आठ-दहा प्रश्न लिहायला मला पूर्ण वीकेंड लागतो. लेक्चरपेक्षा जास्त. पास व्हायला किती मार्क लागणार आणि किती वेळा देता येणार हेही आत्ताच ठरवा, लोक ईमेल करायला लागल्यावर नाही.

पायरी ४: पुरावा गोळा करा आणि त्यावर तारीख टाका

शोधताना वरून खाली या. आधी नाटाची पोझिशन स्टेटमेंट्स आणि आंतरराष्ट्रीय कन्सेन्सस (तज्ज्ञांनी एकमताने दिलेल्या शिफारशी), मग सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा), मग एकेकटे अभ्यास, आणि सगळ्यात शेवटी "आमच्याकडे असं करतात". नाटाच्या स्टेटमेंटमध्ये शिफारशींपुढे ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ती पुराव्याची ताकद सांगतात. तुमच्या स्लाइडवर ते अक्षर आणि साल दोन्ही टाका. सी असेल तर तोंडाने सांगा की हे तज्ज्ञांचं मत आहे. एटी लोक याने नाराज होत नाहीत, उलट विश्वास बसतो.

साल का टाकायचं? कन्कशनचंच बघा. एके काळी मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवा, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत काही करू देऊ नका, असं शिकवलं जायचं. २०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेचा कन्सेन्सस २०२३ मध्ये आला, तो सांगतो की पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, आणि मग हलका एरोबिक व्यायाम लवकर सुरू करा. त्याच्याबरोबर स्कॅट ६ आलं, म्हणजे कन्कशन तपासायच्या चाचणीची नवी आवृत्ती. ज्यांचा २०१९ चा रेकॉर्डेड कोर्स अजून विक्रीला आहे ते अजून स्कॅट ५ शिकवतायत आणि त्याचे सीईयू पण देतायत. कोणी जाणूनबुजून करत नाही, पण कॅलेंडरमध्ये आठवण लावलेली नसते ना.

आणि नावाजलेल्या केसेस जपून वापरा. २ जानेवारी २०२३ ला अमेरिकन फुटबॉल खेळाडू डॅमर हॅम्लिन मैदानावर कोसळला, बफेलो बिल्सचे असिस्टंट अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी सीपीआर केला, हॅम्लिन वाचला. प्रत्येक कार्डियाक कोर्सच्या पहिल्या स्लाइडवर हे असतं. प्रेरणा मिळते, ठीक. पण एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगच्या मैदानावर डॉक्टर, पॅरामेडिक, अँब्युलन्स सगळा लवाजमा हजर असतो. तुमचा शिकणारा हायस्कूलच्या मागच्या मैदानावर एकटा उभा आहे, एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) मुख्य इमारतीत आहे आणि इमारतीला शनिवारी कुलूप. त्याला हॅम्लिनची केस दाखवून झाली की लगेच विचारा, "तुमच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे?" वर्ग शांत होतो. खरा कोर्स तिथून सुरू होतो.

पायरी ५: मान्यता, तास आणि कागद

बीओसी प्रत्येक कोर्स तपासून शिक्का मारत नाही, ते प्रोव्हायडरला, म्हणजे कोर्स देणाऱ्याला मान्यता देतं. म्हणजे मान्यताप्राप्त प्रोव्हायडर असाल तर कोर्स दर्जाचा आहे की नाही ही जबाबदारी तुमच्या गळ्यात. पहिलाच कोर्स असेल तर स्वतः प्रोव्हायडर व्हायची घाई करू नका. फी असते, नियम असतात, नोंदी ठेवाव्या लागतात. आधीच मान्यता असलेलं हॉस्पिटल, विद्यापीठ किंवा राज्याची असोसिएशन गाठा आणि त्यांच्याबरोबर करा, मग तो कोर्स कॅटेगरी ए मध्ये, म्हणजे मान्यताप्राप्त प्रोव्हायडरच्या कोर्सेसमध्ये धरला जातो. त्यांचा नमुना अर्ज सगळ्यात आधी मागून घ्या, सगळं बनवून झाल्यावर नाही. राज्यांचं वेगळं असतं, कॅलिफोर्निया सोडून बाकी सगळ्या राज्यांत या पेशाचं नियमन आहे आणि काही ठिकाणी लायसन्ससाठी जास्तीच्या अटी असतात, त्यामुळे जाहिरातीत "सगळीकडे चालेल" असं लिहायचं नाही.

तास मोजताना फक्त शिक्षणाचा वेळ धरायचा. स्वागत, आभार, चहा, जेवण, रजिस्ट्रेशनची रांग यातलं काही धरायचं नाही. ९ ते ५ चा कार्यक्रम म्हणजे ८ सीईयू नव्हेत, बहुधा ६ च्या आसपास भरतात. ऑनलाइनला तर अंदाज साफ चुकतो. माझ्या एका मॉड्यूलला मी एक तास लिहून बसलो होतो, मग पाच जणांना वेळ लावून करायला दिलं. चौघांना ३५ ते ४५ मिनिटं लागली आणि पाचव्याला ७०, कारण तो प्रत्येक फीडबॅक वाचत होता (देव त्याचं भलं करो). मधला आकडा धरला आणि सीईयू कमी केले. विक्री थोडी कमी झाली असेल, असू दे.

स्पॉन्सर असेल तर उघड सांगा. बर्फाचं पाणी फिरवणारं यंत्र विकणाऱ्या कंपनीचे पैसे घेऊन तुम्ही त्याच यंत्राचे फायदे शिकवत असाल तर ते पहिल्या मिनिटालाच कळायला हवं. आणि मजकूर ठरवायचा अधिकार त्यांना अजिबात देऊ नका, लेखी घ्या तसं.

फोटो-व्हिडिओचं अजून एक. पेशंटची माहिती हिपा या गोपनीयतेच्या कायद्याखाली येते, शाळेतल्या मुलाचं रेकॉर्ड अजून वेगळ्या कायद्याखाली, हे माहिती असतं सगळ्यांना. पण चेहरा धूसर करून जर्सीचा नंबर तसाच ठेवलेला फोटो मी किती कोर्समध्ये पाहिलाय सांगू? नंबर, शाळेचा रंग आणि तारीख मिळाली की गावातलं कोणीही पोराचं नाव सांगेल. लेखी संमती घ्या, नाहीतर सरळ सहकाऱ्याला झोपवून फोटो काढा.

पायरी ६: आता उघडा स्लाइड्स

एवढं झाल्यावर स्लाइड्स खरंच पटकन होतात. काही गोष्टी अनुभवाने.

व्हिडिओचे तुकडे सहा ते दहा मिनिटांचे करा, प्रत्येकानंतर एक प्रश्न. हा प्रश्न मार्कांसाठी नाही, आठवायला लावण्यासाठी. वाचलेलं परत वाचण्यापेक्षा डोक्यातून ओढून काढलं की जास्त टिकतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. स्लाइडवरचं वाचून दाखवू नका, डोळे आणि कान एकाच वाक्यासाठी भांडतात. चित्र दाखवा आणि बोला. पैसे कॅमेऱ्यावर नाही, माइकवर घाला, चित्र अंधुक चालतं, आवाज घुमला की लोक दुसऱ्या टॅबवर. कॅप्शन्स द्याच, पण आपोआप आलेल्या तशाच सोडू नका, वैद्यकीय शब्दांची ते वाट लावतात आणि "हायपो"चं "हायपर" झालं की अर्थच उलटा. फिक्या पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरं वगैरे सौंदर्यदृष्टी बाजूला ठेवा.

प्रत्यक्ष वर्कशॉपमध्ये मोठी चूक म्हणजे एकच स्टेशन आणि भोवती २० माणसं. चौघांचा गट करा, प्रत्येकाच्या हाताला काम. माझ्या वर्कशॉपमध्ये थर्मामीटरचा प्रोब (आत जाणारा भाग) पुतळ्यात १५ सेंटिमीटर आत घालायचा असतो. पहिल्यांदा करणारा माणूस हमखास पाच-सहा सेंटिमीटरवर थांबतो, पुतळा असून. चेहऱ्यावर तोच संकोच. मग आम्ही प्रोबवर टेपची खूण करायला लावतो, आधी घरी मोजून. तेवढी खूण असली की हात थांबत नाही. दुसऱ्या स्टेशनला टब नाही अशी परिस्थिती देतो, फक्त ताडपत्री, बर्फ, पाणी आणि चार माणसं. कडा उचलून धरायच्या आणि पाणी हलवत राहायचं. दहा मिनिटांत सगळ्यांचे हात भरून येतात, आणि मग कोणीतरी स्वतःहून म्हणतं की माझ्याकडे शनिवारी चार माणसं नसतातच. हे वाक्य मी कधीच स्लाइडवर लिहीत नाही, त्यांच्याच तोंडून येऊ देतो.

प्रिन्सिपॉलवाल्या भागासाठी जोड्या पाडा. एक प्रिन्सिपॉल होतो, दुसरा समजावतो, पाच मिनिटं घड्याळ लावून. प्रिन्सिपॉल झालेल्याला एक चिठ्ठी द्या, त्यावर तीन आक्षेप. लोकांना सुरुवातीला नाटकासारखं वाटतं, लाजतात, तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागतात.

पायरी ७: हजेरी आणि सर्टिफिकेट

कंटाळवाणं आहे, पण इथेच इज्जत जाते. एका वर्कशॉपला मी सकाळी सह्या घेतल्या आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखी सर्टिफिकेट्स वाटली. नंतर कळलं की दोघं जेवायच्या सुट्टीत गेले ते परत आलेच नव्हते. तेव्हापासून येताना सही आणि जाताना सही, मधेच गेलेल्याला तेवढेच तास. सर्टिफिकेटवर नाव, कोर्सचं शीर्षक, तारीख, प्रोव्हायडरचं नाव आणि नंबर, सीईयू किती आणि कॅटेगरी कुठली हे सगळं हवं, कारण बीओसी ऑडिट करतं तेव्हा तो एटी बिचारा रात्री तुम्हालाच मेल करतो. यादीची एक प्रत अशा ठिकाणी ठेवा जी तुमचा लॅपटॉप मेल्यावरही राहील. कॅन्सलेशन आणि रिफंडचे नियम रजिस्ट्रेशनच्या पानावरच टाका.

पायरी ८: तीन महिन्यांनी परत विचारा

कोर्स संपल्यावरच्या फॉर्मवर सगळे पाचपैकी पाच देतात, जेवण चांगलं असेल तर नक्कीच. तो घ्यावा लागतो, घ्या. पण डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी सांगितलेल्या चार पायऱ्यांत ही सगळ्यात खालची आहे: आवडलं का. वर अजून आहे, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम झाला का. शेवटचं मोजणं आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहे, हीट स्ट्रोक रोज होत नाहीत. तिसरं मात्र जमतं. तीन महिन्यांनी चार प्रश्नांचा मेल: टब मैदानापासून किती लांब आहे? थर्मामीटरचं सील फोडलं का? धोरणात लिहून घेतलं का? इमर्जन्सी अ‍ॅक्शन प्लॅनची या वर्षीची रंगीत तालीम झाली का? मत विचारायचं नाही, वस्तू विचारायच्या.

उत्तरं थोडीच येतात. माझ्याकडे आलेल्यांपैकी एकाने शब्दही न लिहिता फोटो पाठवला होता, मैदानाच्या कडेला टब, बाजूला पाण्याचा पाइप, आणि टबात दोन हॉकी स्टिक्स अजून तशाच. मी पुढच्या बॅचसाठी एक ओळ वाढवली: टब रिकामा ठेवायची जबाबदारी कोणाची, त्या माणसाचं नाव प्लॅनमध्ये लिहा.

कोर्स लाइव्ह होतो त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये दोन तारखा टाका. एक वर्षाने सगळ्या शिफारशी परत तपासायची, आणि दुसरी, कोर्स विक्रीतून काढून टाकायची. दुसरी टाकताना जिवावर येतं. तरी टाका.